निळ्या चोचीचा शिंपी

अहो,

बहिणीबरोबर सकाळच्या नाटकाला चालले आहे. चहा थर्मासमध्ये आहे. दहाला पक्षिमित्र मंडळाची माणसं येतील, तुम्हीच बोलावलीत.

बारा वर्षं पहाटे खिडकीतून पक्षी मी पाहिले, वहीत मी टिपले, आणि नऊला उठून ‘माझी निरीक्षणे’ म्हणून पेपरात तुम्ही छापून आणलेत. आयत्या बिळावर नागोबा! दुर्बिणीचं खोकंसुद्धा अजून फोडलेलं नाही.

गेल्या रविवारी छापलेला निळ्या चोचीचा शिंपी पक्षी मी वहीत मुद्दाम घुसडला होता. असा पक्षी जगात नाही. तुम्ही मात्र ठोकून दिलंत, ‘रोज आमच्या लिंबोणीवर बसतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.’

आता दाखवा त्यांना. लिंबोणी मागच्या दारी आहे, न्हाणीच्या भिंतीला लागून. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून लिहिलं.