निम्मं रक्त आमचं

पोशीर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. छायाताईस माधवीचा सा. न. वि. वि.

बाळाचे ठोके चांगले आहेत, वीस आठवडे पूर्ण झाले. काल कर्जतच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी पाहून सांगितलं. आधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेली, म्हणून हे पहिलं लिहिलं.

आता रागाचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ निम्मं नवऱ्याकडचं, म्हणून माझ्या शरीराला परकं. तरी शरीर त्याला सांभाळून घेतं. सासूबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. घरी येऊन फर्मान काढलं, की हिचं अंग आमचं रक्त ओळखत नाही, म्हणून आता माहेरचा घास नाही, माहेरची साडी नाही, बाळंतपणाला लोधिवलीही नाही. आईचे नाचणीचे लाडू टेंपोवाल्या राजेशबरोबर परत धाडले. सुनील त्यांच्या आईच्या शब्दाबाहेर जात नाहीत. मी फोनवर बोलले तर सगळं घर कान लावतं, म्हणून पत्र. मला आईजवळच बाळंत व्हायचंय गं.

तुझा लोभ आहेच, तो आता कामाला येऊ दे.

माधवी

लोधिवली, ७ फेब्रुवारी

ती. अंबामावशींना छायाचा शि. सा. नमस्कार.

आईच्या लाडवांचा डबा तुम्ही न उघडताच परत धाडलात. मी रसायनीच्या दवाखान्यात अकरा वर्षं नर्स आहे, म्हणून चिडून का होईना, नीट सांगते. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर त्याच्यावर तुटून पडतं. बाळावर पडत नाही. परक्याशी लढणाऱ्या पेशी गर्भाशयात जमतात, पण तिथे त्या बाळाला पोसणाऱ्या वारेकडे रक्त नेणाऱ्या नळ्या रुंद करायला मदत करतात. दुसऱ्या काही पेशी बाकीच्यांना आवरून धरतात. माधवीचं शरीर हे वीस आठवडे आपण होऊन करतंय. ते साडी बघून ठरत नाही, लाडू बघून तर मुळीच नाही! तिची आधीची दोन गेली तसा तिसऱ्या महिन्यात गर्भ जातो तो बहुतेक वेळा त्याच्याच घडणीत चूक राहिल्याने. माझ्या बहिणीच्या अंगाला बोल लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? उलट बाळाच्याच थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि कित्येक वर्षं राहतात. सुनीलरावांच्या तुमच्यातही असतील.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

छाया

पोशीर, ११ फेब्रुवारी

चि. छायाला अंबाबाईचे अ. उ. आशीर्वाद. सांगनार मी, लिवनार सुनील.

लय बोललीस गं. मोठ्या मानसाला हक्क इचारतेस? डबा परत धाडला तो काय माज नव्हता, भ्याव होतं. सुनीलच्या आधी माझी दोन गेली. तवा माझी सासू जे बोलली तेच मी बोलले, दुसरं मला कोनी सांगितलंच नाय. आज माधवीला हे सांगितलं. ती रडली, मंग माझ्यावरच वरडली. वरडू दे.

सोमवारी तिला घेऊन मी सोता लोधिवलीला येतेय. बाळंतपन तिकडंच करा.

एक इचारायचं हाय. पेशी ऱ्हातात लिवलंस, त्या जी गेली त्यांच्याबी ऱ्हातात का? सुनीलला ठाव नाय. पत्रात उत्तर धाडू नको. मी येईन तवा समोर बसवून सांग.

तवर राग ठेव, मायाबी ठेव.

अंबाबाई