माशांसाठी हॉलमध्ये उगवलेला सूर्य

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व

आदरणीय व्याही वामनराव यांना महेंद्रचा सविनय जय भीम. नंदाताईंनाही जय भीम.

आपला गुडघा कसा आहे? टेंभी नाक्यावरच्या आपल्या इमारतीच्या पायऱ्या उंच आणि आपण कुणाचा हात न धरणारे, म्हणून आधी गुडघ्याचीच चौकशी. नंदाताईंची शुगर आटोक्यात असेल अशी आशा आहे. (गेल्या खेपेला त्यांनी चहा बिनसाखरेचा घेतला, हे मी पाहिलं. त्याबरोबर नानकटाया किती घेतल्या, हेही पाहिलं.) इकडे सर्व क्षेम. मायाची पाठ शिलाई मशीनवर बसली की दुखते आणि मशीनवरून उठवलं की जास्त दुखते. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ठणठणीत आहे, फक्त घरातली माणसं मला रिकामा समजतात.

फोन करता आला असता, हे खरं. पण आपण फोन स्पीकरवर लावता, नंदाताई माझी वाक्यं मागून पूर्ण करतात, आणि इकडे अमृता कान देऊन असते. सुनेची स्तुती तिच्यासमोर करण्याची आमच्या घरात पद्धत नाही. (माझी स्तुती माझ्या पाठीमागेही करण्याची नाही, पण तो विषय वेगळा.) लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात आपण माझा हात धरून म्हणाला होतात, "पोर जरा धांदरट आहे महेंद्रराव, हातातून वस्तू पडतात, सांभाळून घ्या." आपल्या मुलीविषयी आपला हा समज चुकीचा आहे, हे मी आज सविस्तर कळवतो आहे. आपण बसून वाचावं.

आमच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे, ती आपण पाहिली आहे. ती आपल्या जावयाने, प्रेमने, कॉलेजात असताना आणली. त्याची हौस महिनाभर टिकली, मासे मात्र चिवट निघाले आणि माझ्या पदरी पडले. मी त्यांना खाणं घालायचो, तेही माझ्याकडे सरकारी कार्यालयातल्या लोकांसारखे बघायचे. अमृता आल्यावर चित्र बदललं. कॉलेजातून आली, पोरांचे इतिहासाचे पेपर तपासून झाले की ती टाकीपुढे बसायची. त्यात एंजल जातीची एक जोडी आहे, चपटी, लांब परांची, चालीत जरा गर्व असलेली. या जोडीने एका रुंद पानावर अंडी घातली. दोघं नवरा-बायको आळीपाळीने परांनी पंखा घालत बसले. माया तर इतकी हेलावली की तिने खालच्या मजल्यापर्यंत पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेम डोळे चोळत उठला, त्याने टाकीच्या दिव्याचं बटण दाबलं, अंधारात एकदम लख्ख उजेड पडला, आणि त्या मायबापांनी घाबरून आपली सगळी अंडी खाऊन टाकली.

असं एकदा नाही, पुन्हापुन्हा झालं. मायाने जाहीर केलं की पोटची पोरं खाणारी माणसं तिला घरात नकोत. दुकानदार म्हणाला, एंजल असेच असतात, सोडून द्या. अमृता मात्र माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, चूक त्यांची नाहीये. तुम्ही गाढ झोपेत असताना कुणी तोंडावर टॉर्च मारला तर तुम्ही काय कराल?"

"ओरडेन," मी म्हणालो.

"त्यांना ओरडता येत नाही."

वामनराव, मी इतकी वर्षं त्या माशांना खाऊ घातलं, पण त्यांच्या बाजूने विचार करायचं मला कधी सुचलं नव्हतं. तिने ठरवलं की टाकीत रोज सूर्य उगवला पाहिजे. म्हणजे दिवा हळूहळू वाढत जाईल आणि संध्याकाळी हळूहळूच मावळेल. प्रेम म्हणाला, तयार मिळतं, मागवू. ती म्हणाली, "मला करून बघायचंय." मग कुरियरने एलईडीच्या पट्ट्या आल्या, बिस्किटाएवढं एक सर्किट आलं, वायरींची भेंडोळी आली. डाळ-तांदूळ निवडायचं आमचं डायनिंग टेबल पार गुंतून गेलं.

वीजपुरवठ्याचा प्रश्न आला तेव्हा मी पुढे सरसावलो. माझ्याकडे एक ड्रॉवर आहे. घरात आजवर जी जी वस्तू मेली, तिचा अ‍ॅडॅप्टर मी त्यात जपून ठेवला आहे. त्यातला एक मी काढून दिला. ती म्हणाली, बारा व्होल्टचा आहे, पण एकच अँपिअर देतो, पट्ट्यांना चार तरी लागतील. मी तिला टेलिफोन खात्याच्या अनुभवावरून बरंच काही समजावलं. (मी आस्थापना विभागात होतो, हे तिला ठाऊक आहे.) तिने वाद घातला नाही, जोडून दाखवलं. पट्ट्या आजारी माणसासारख्या पिवळट लागल्या आणि अ‍ॅडॅप्टर थोड्या वेळात इतका तापला की त्यावर पापड भाजला असता. तिने शांतपणे प्लग काढला आणि म्हणाली, "बरं झालं बघितलं ते, नाहीतर शंका राहिली असती." सासऱ्याचा मान राखून त्याला गप्प करण्याची ही रीत तिला आपल्याकडून मिळाली की नंदाताईंकडून?

तिने दांडगा नवा अ‍ॅडॅप्टर आणला. आता गोम अशी की पट्ट्यांना बारा व्होल्ट लागतात, पण त्यांना हुकूम देणाऱ्या त्या छोट्या सर्किटला पाचच पचतात. म्हणून तिने सर्किटला मोबाईलचा चार्जर लावला. तर दिवे ऐकेनात, लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकायला लागले. प्रेम म्हणाला, "फेकून दे ना यार." ती दोन संध्याकाळी विचार करत बसली, मग तिने एक वायर घेऊन दोन्हींकडचं निगेटिव्ह एकत्र जोडलं, आणि दिवे शहाण्यासारखे वागू लागले. मी कारण विचारलं. ती म्हणाली, दोघांचं निगेटिव्ह एक झाल्याशिवाय एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतच नाही. मायाने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने चहा प्यायलो.

पण दोन प्लग लागले की मिक्सरला जागा उरत नाही, आणि मायाची चटणी अडली. तेव्हा अमृताने बाराचे पाच करणारा एक चिमुकला तुकडा आणला. त्यावर पितळी स्क्रू असतो, तो फिरवला की व्होल्टेज कमीजास्त होतं. तिने मीटर लावून बरोबर पाचवर आणला, टेबलावर ठेवला आणि कॉलेजला गेली. संध्याकाळी आम्हा सगळ्यांसमोर तिने सर्किट जोडलं. फट्ट आवाज झाला, धुराची बारीक रेघ वर गेली आणि घरभर जळका वास सुटला. मग माया हळूच म्हणाली, "मी फक्त तो स्क्रू आवळला. पुसताना ढिला दिसला म्हणून. मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने."

घरातलं पहिलं सासू-सुनेचं भांडण आता होणार, असं मला वाटलं. (एक शब्द हुकू नये म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला.) अमृताने जळक्या सर्किटकडे बघितलं, मायाकडे बघितलं, आणि ती अशी हसत सुटली की खाली फरशीवरच बसली. "आई, तुम्ही त्याला बाराचे बारा पाजलेत!" मग माया हसली. मग दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. नवं सर्किट आलं, स्क्रू पुन्हा पाचवर आणला, आणि तो हलू नये म्हणून अमृताने मायाकडेच नेलपेंट मागितलं. मायाने स्वतःच्या हाताने त्यावर मरून रंगाचा थेंब सोडला. तेव्हापासून ती शेजारणींना सांगते, "आम्ही दोघींनी बनवलं."

आणखी एक सांगतो. टाकीकडून बोर्डाकडे जाणारी वायर मी क्लिपा मारून नीट सरळ बसवली होती. अमृताने ती सोडवून आधी खाली झोळीसारखी लोंबती ठेवली आणि मग वर बोर्डात नेली. मी म्हणालो, गबाळं दिसतं. पुढच्याच आठवड्यात प्रेमने पाणी बदलताना फोनवर बोलत टाकी उतू घालवली. पाणी वायरीवरून ओघळत त्या झोळीच्या तळाशी आलं आणि तिथून थेंब थेंब फरशीवर पडलं. बोर्ड कोरडा ठणठणीत. माझी सरळ वायर असती तर पाणी थेट प्लगमध्ये गेलं असतं. मी निमूटपणे फडकं आणायला गेलो.

आणि मग त्या जोडीने पुन्हा अंडी घातली. त्याच दुपारी आमच्या भागातली वीज गेली. दिवस कलायला लागला तरी येईना. अमृता कॉलेजातून येऊन तशीच पर्स खांद्यावर ठेवून टाकीपुढे उभी. आम्हा सगळ्यांना एकच भीती, वीज परत येताना दिवा एकदम पेटला तर? ती पुटपुटत होती की सर्किटच्या घड्याळाला बटणाएवढा सेल आहे, त्याला वेळ आठवेल, तो हळूच सुरू करील. पण तिने मायाचा हात घट्ट धरून ठेवला होता, असं माया नंतर म्हणाली.

पंखा फिरला. फ्रिज घुरघुरला. टाकीत अंधारच. मग तळाशी चांदण्यासारखी निळी झाक आली. ती वाढली, पानांच्या कडा दिसल्या, मग पानं हिरवी झाली. ती दोघं अंड्यांपाशीच होती. मादीने एकदा वर बघितलं आणि पुन्हा परांनी पंखा घालू लागली. अमृता फक्त एवढंच म्हणाली, "पप्पा, उजाडलं." मी खाकरलो. मला सर्दी झाली होती.

त्या अंड्यांतून पिल्लं निघाली. आधी पानावर नुसत्या शेपट्या वळवळत होत्या, मग एके दिवशी धुळीच्या ढगासारखी सगळी आईच्या मागे पोहायला लागली. माया आता त्या मायबापांना गुणी म्हणते. आपली मुलगी धांदरट नाही, वामनराव. तिच्या हातातून वस्तू पडतात त्या तिचं लक्ष दुसरीकडे, जास्त महत्त्वाच्या ठिकाणी असतं म्हणून. कालच आमची बरणी फुटली. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

नंदाताईंना नमस्कार, गुडघ्याला गरम शेक आणि आम्हा सगळ्यांकडून पुष्कळ प्रेम.

आपला,
महेंद्र

ता. क. हे पत्र प्रेमच्या हाती देतो आहे, तो वागळे इस्टेटला ऑफिसला जाताना आपल्याकडे उतरेल. त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याने फुगलेली एक पिशवी असेल. हे खरं तर मी सुरुवातीला लिहायला हवं होतं. कृपया पिशवी न उघडता बादलीभर पाण्यात तरंगत ठेवा, सावलीत. ठेवून मग पुढचं वाचा.

ठेवलीत? आता खरं सांगतो. पिल्लं मोठी होऊ लागली, टाकीत मावत नाहीत, आणि डोंबिवलीतले सगळे नातेवाईक आमचा फोन उचलेनासे झालेत. आपल्याला माशांची आवड नाही, असं अमृताचं म्हणणं होतं. मी तिला सांगून बसलो की आपण स्वतःहून मागितलीत, अगदी हट्ट धरलात. पोर इतकी हरखली की तिने आपल्यासाठी दिव्याची दुसरी पेटी बनवली. आज संध्याकाळी नवी टाकी, पेटी आणि रोपं घेऊन ती आपल्याकडे येते आहे. तोवर आपण हट्ट धरला होता, एवढं लक्षात ठेवावं.

दुसरा ता. क. सगळ्यात लठ्ठ आणि कुणाचं न ऐकणाऱ्या पिल्लाला माया 'वामनराव' म्हणते. ते पिशवीत शोधू नये. ते आम्ही ठेवून घेतलं आहे.