डोक्यावर गाडगं हाय तिच्या

आण्णा, तुमच्या चालीवर आमची म्हस दूध देती. हे आदी सांगते, बाकीचं मागनं. मी सातवीतनं साळा सोडली, अक्षर अजून तसंच हाय, ओळ वर वर चढती. दुपारी पोरगी निजली की लिवते, ती उठली की ठेवते. तुमी गेला तवा मी फ्रॉकात व्हते, आता एका पोरीची आई हाय, बावड्यात नांदते. जावई कसा हाय तुमाला म्हाईत न्हाय, नात कुणासारखी दिसती म्हाईत न्हाय. पण ह्या वर्साच्या जत्रंत जे झालं ते तुमाला कळाया पायजे, कारण त्यात समदं तुमचंच हाय.

मला तुमी आठवता ते सांगवीच्या सैपाकघराच्या उंबऱ्यात. दसऱ्याला तमाशाच्या फडाबरं गेलेला माणूस उन्हाळा सरता घरी यायचा, आन पावसाळाभर घरात नव्या चाली. फडाचा शाहीर गाण्याचं नुसतं शब्द लिवून द्यायचा. गण, गवळण, लावणी, वगातली गाणी, त्यात जीव तुमी घालायचा त्या एका पेटीतनं. पेटी मांडीम्होरं घिऊन तुमी उंबऱ्यात बसलायसा, आई चुलीपुढं भाकरी थापतीया. तुमी एक ओळ वाजवता आन डोळं आईच्या हातावर. तिचा हात चालीबरं पडाय लागला की तुमी मिशीत हसता. न्हाय पडला की ती चाल तितंच सोडून देता, कितीबी गोड आसू दे. "बाईच्या हाताला जी चाल लागती ती गावात ऱ्हाती," तुमी म्हणायचा. "बाकीच्या तंबूबरं गाडीत बसून जात्यात." आई म्हणायची, "आवं, तुमच्या पायी भाकरी करपली." "करपू दी," तुमी म्हणायचा, "चाल तर शिजली!"

शिंपी मापं घेतो तसं तुमी माणसांची मापं घ्यायचा. फडाची मालकीणबाई आपल्या घरी तालमीला यायची, तिचा दम लहान व्हता. तर तिच्या गाण्यात तुमी जागोजाग आशी जागा ठिवायचा की ती मुरका मारती आसं लोकांना वाटावं, आन तेवढ्यात तिनं श्वास घ्यावा. लोक त्या मुरक्याला शिट्ट्या मारायचं. तुमी तंबूच्या कडंला पेटीमागं, मान खाली. नाव पुकारायचं ते बाईचं, सोंगाड्याचं, ढोलकीवाल्याचं. पेटीमास्तरचं नाव कुणी पुकारलेलं मी ऐकलं न्हाय. तुमाला त्याचं काय वाटायचं ते मी कदी इचारलं न्हाय, मी लहान व्हते. साळंत पोरी म्हणायच्या, "ती बग तमासगिराची आली," तेवढं मातर मला रोज ऐकू यायचं.

ती शेवटची गवळण. "वाट सरंना गं बाई, वाट सरंना." मुखड्याची चाल तुमी फडाला दिली व्हती, मधल्या कडव्याची बाकी व्हती. तुमी खोकत खाटंवर पडलेला, आन एक दिस दुपारी मला जवळ बोलावून कडवं शिकवलं. "डोईवर दह्याचं गाडगं, पायाखाली ऊन." मला खेळाया जायचं व्हतं, मी ते भरभर म्हणून टाकलं. तुमी माज्यावर कदी आवाज चढवला न्हवता, त्या दिशी चढवला. "आगं ये! डोक्यावर गाडगं हाय तिच्या! पळवलंस तर सांडंल ना दही!" मंग पितळंचा तांब्या पाण्यानं काठोकाठ भरून माज्या डोक्यावर ठिवलात, आन खोलीच्या ह्या भितीपासनं त्या भितीपर्यंत गात चालाया लावलं. पैल्यांदा समदी भिजले. मंग जमलं. जमलं तवा पाऊल आन चाल एक झाली, मला कळलं की गाणं पायात आसतं. तुमी म्हणला, "आता हे तुज्याजवळ ठिव. दसऱ्याला बाईला दिऊ." दसरा यायच्या आत तुमी गेला. आईनं पेटी भजनाच्या मंडळाला दिऊन टाकली, आन फडाचं कुणी दारात आलं तर त्येंच्याशी बोलली न्हाय. आता ती मामाकडं वडगाव निंबाळकरला आसती. तुमच्यावरचा राग आन तुमची आठवण तिला अजून येगळी करता येत न्हाय.

माजं लगीन मामानं जमवलं. सोयरीक कराया आलेल्यांना तेंनी सांगितलं, पोरीचा बाप भजनात पेटी वाजवायचा. खोटं न्हवतंच, एकादशीला वाजवायचाच तुमी. मला आत बोलवून म्हणलं, "बाकीचं तोंडातनं काढायचं न्हाय. उसाचं खानदानी घर हाय. कळलं तर जल्माची टोचणी." मी भ्याले, आन भीत भीतच नांदाया आले. पैल्याच सकाळी हातात झाडू घिऊन गोठ्याकडं गेले, तर आत्या म्हंजी माज्या सासूबाई म्हशीखाली बसलेल्या, धारंचा आवाज चाललेला, आन आत्या गात्यात, "वाट सरंना गं बाई, वाट सरंना." माजा झाडूच पडला हातातला. जत्रंत फडाच्या तोंडनं ऐकून पाठ केलं व्हतं तेंनी. आन आण्णा, कडवं चुकीचं! फडानं तुमच्या मागं त्या कडव्याला कुठलीतरी पळती चाल जोडली व्हती. गवळण कसली, बस सुटल्यागत धावतीया. माज्या जिभंवर आलं, आवं आत्या, सांडंल की! पण सांगितलं तर इचारतील, तुला कसं म्हाईत? मी तोंड मिटलं. मंग रोज सकाळी आन रोज सांजंला त्या चुकीचं गायच्या आन मी शेणाची पाटी उचलून गप बाहीर जायची.

पोरगी झाली तवा भीती दुप्पट झाली. मला काय, माजं झालं. पण उद्या हिला साळंत कुणी तसंच म्हणलं तर? तरी तिला निजवताना दुसरं गाणंच तोंडात येईना. दार लावून, बारीक आवाजात, तुमचं खरं कडवं. बालवाडीत जाया लागली तसं तिला तांब्याचं खूळ लागलं. मीच लावलं, खरं तर. डोक्यावर तांब्या, घरातनं फेऱ्या, आन मी म्हणते, "हळू, डोक्यावर गाडगं हाय."

ह्या वर्साला जत्रंला आपलाच फड आला. जत्रंच्या दुसऱ्या दिशी सकाळी देवळाम्होरं हजेरीचा कार्यक्रम आसतो, फडवालं दिवसाउजेडी देवापुढं गात्यात, त्यामुळं बायाबी जात्यात. फडाच्या चहाचं दूध त्या दिशी आमच्या घरचं व्हतं. आत्यांनी किटली माज्या हातात दिली. मी पदर नाकापर्यंत ओढला, पोरीला काखंला मारलं आन गेले. ट्रकच्या सावलीत बाया वेण्या घालत बसल्या व्हत्या. मधी मालकीणबाई. केस पिकल्यात, अंगानं सुटली हाय, पण बसणं तसंच, गादीवर बसल्यागत. ती केस इंचरत गवळण गुणगुणत व्हती. मुखडा झाला, कडवं पळाय लागलं, आन माज्या काखंतली पोरगी जोरात वरडली, "आसं न्हाय! सांडंल की!"

समद्या हसल्या. एक म्हणली, "आली बगा नवी मास्तरीण!" पोरीला राग आला. खाली उतरली, डोक्यावर हात धरून, गाडगं हाय आसं समजून, पाऊल टाकत टाकत तिनं तुमचं कडवं म्हणून दावलं. शेवटाला तो श्वासाचा मुरका हाय ना, तोबी घेतला. मालकीणबाईचा फणीचा हात केसातच ऱ्हायला. "हे माज्या दमाच्या मापाचं हाय," ती बारीक आवाजात म्हणली. "कुणी शिकवलं गं बाळ?" पोरीनं माज्याकडं बोट केलं. बाई उठली आन सरळ येऊन माजा पदर मागं सारला. "मास्तरांचं नाक," ती म्हणली. "पेटीच्या खोक्यावर बसून पाय हलवायचीस ती तू!" मी व्हय म्हणून मान हलवली. ती म्हणली, "इतकी वरसं आमी हे ठिगळ लावून गातोय गं. दे मला माजं कडवं." तितंच उभ्याउभ्या मी तिला दिलं. तुमी म्हणला व्हता दसऱ्याला दिऊ. जत्रंला दिलं.

मंग ती म्हणली, "आज माईकवर मास्तरांचं नाव घेती." मी तिचं पाय धरलं. "नका बाई. घरी म्हाईत न्हाय." "काय म्हाईत न्हाय? तुला बाप व्हता हे?" आसं म्हणली, आण्णा. मी रडाय लागले तशी तिनंच माजं डोळं पुसलं. "आमी गावोगाव उघड्या तोंडानं उभ्या ऱ्हातो, आन तू स्वताच्या गावात झाकून हिंडतीस. बरं, तुज्या मनावर. कडवं झालं की मी तुज्याकडं बगीन. हात वर केलास तर नाव घीन, न्हायतर नुसती चाल गाऊन जाईन."

हजेरीला मी बायांच्यात आत्यांच्या शेजारी बसले. पोरगी मांडीवर. गण झाला, गवळण लागली, आत्या मान हलवून तिच्याबरं गाया लागल्या. कडवं आलं आन आत्या पुढं पळाल्या, बाई मागं ऱ्हायली. "आगं बया! चुकली की ही!" आत्या मोठ्यानं म्हणल्या. पण बाई चालतच ऱ्हायली, हळू, एक एक पाऊल. ढोलकी तिच्या पायाखाली आंथरल्यागत. पाळण्यावाल्यानं पाळणा थांबवला. आत्यांचं तोंड आर्दं उघडं. मंग तेंचा हात आपोआप डोक्याकडं गेला, घागर धरतात तसा. माज्या कानाला लागून म्हणल्या, "कुणी लावली गं ही चाल? डोक्यावर वझं घिऊन चालल्यागत वाटतंय."

त्या एवढं म्हणल्या आन माजा हात वर गेला. मी उचलला म्हणू का उचलला गेला म्हणू? बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. बाईनं ढोलकी थांबवली आन माईकवर तुमचं पुरं नाव घेतलं, आण्णा. वडलांच्या नावासकट. "सांगवीचं पेटीमास्तर," म्हणली. "माज्या गळ्यातली निम्मी गाणी त्येंची. आन ही तुमच्या गावाची सून बसलीया हात वर करून, ही त्येंची लेक." देवळाम्होरची समदी मुंडकी माज्याकडं वळली. मागनं चुलत सासू म्हणली, "म्हंजी तमासगिराची व्हय!" मी पोरीला छातीशी घट्ट धरलं.

आत्या माज्याकडं बगत व्हत्या. "तुजा बाप भजनात ना पेटी वाजवायचा?" "भजनात बी वाजवायचं," मी म्हणले, "पण चाली फडासाठी लावायचं. ही बी." आत्यांचं नाक फुललं. "आन तू इतकी वरसं मला चुकीचं गाऊ दिलंस? सकाळ-संध्याकाळ त्या म्हशीपुढं माजा पचका करत व्हतीस?" मला कळंना, हसू का रडू. तवर त्या मागं वळल्या. "आन तू गं, तमासगिराची म्हणतीस? तुज्या इहिणीच्या खानदानात हाय का कोण, ज्याचं नाव घेताना ढोलकी थांबती?" मंग माज्या मांडीवरनं पोरीला उचलली, माणसांतनं वाट काढत स्टेजपाशी गेल्या आन बाईच्या हातात दिली. "हिला येतं," म्हणल्या, "माज्यापरास नीट येतं." वन्समोअर आलं. तुमची नात डोक्यावर रिकामा हात धरून स्टेजभर चालली आन एक थेंब सांडला न्हाय. तुमच्या जागंवर आता कीबोर्डवालं पोरगं बसतं. त्यानं बी मान खाली घातली व्हती, अगदी तुमच्यागत. नवरा कुस्तीच्या आखाड्याकडं व्हता, त्याला मागनं कळलं. तो एवढंच म्हणला, "आदी सांगितलं आसतंस तर म्होरं जागा धरली आसती."

भीती समदी गेली आसं न्हाय. साळंत पोरीला कोण काय म्हणंल ते अजून मनात येतं. पण आता तिच्याजवळ उत्तर हाय, माज्याजवळ न्हवतं.

हे कागद कुठं टाकायचं न्हायती, तुमचा पत्ता कुणाजवळ हाय? घडी घालून तांब्यात ठिवते, तोच तांब्या, आईनं मला आंदणात दिलाय. एकच सांगायचं ऱ्हायलं. आत्यांना मी खरं कडवं शिकवलं. दुसऱ्या दिशी त्या तेच गात धार काढाया बसल्या, तर म्हशीनं लाथ मारून बादली पाडली, पान्हाच सोडंना. तिला इतकी वरसं पळत्या चालीची सवय. आता घरात तुमची चाल आन गोठ्यात तुमच्या मुखड्याला फडाचं ठिगळ, आसं ठरलंय. आन आण्णा, रागावू नका, भांडी घासताना माज्या तोंडात बी कदीमदी ती पळतीच येती. हाताला लागती ती.