सेनापती दुपारी घोरतात

आदरणीय दादा यांस,

तुमच्या एकुलत्या एका दाजीचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची दाढ निघाली, की अजून त्याच डॉक्टरला सळो की पळो करताहेत? आणि तुमची बहीण जेवतेखाते ना? फोनवर ती माझ्याशी "हं" आणि "बरं" एवढंच बोलते. त्यावरून तब्येत ओळखायची म्हणजे बंद पंपाकडे बघून विहिरीचं पाणी सांगायचं.

ती तुमच्याकडे का आली हे तिने सांगितलंच असेल, तरी माझी बाजू ऐका. दुसऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता मी स्वतःच्या कारखान्यापर्यंत आलो, तेव्हा वाटलं, आता घरही ऐटबाज हवं. हे सापडलं. दारावर पाटी आहे, 'ऐतिहासिक वास्तू'. कोणी एक सेनापती लढाईला निघाले असताना इथे विश्रांतीला थांबले, आणि (हे पाटीवर नाही, पण सगळ्या गल्लीला पाठ आहे) लढाई आटोपेपर्यंत थांबूनच राहिले. त्या लाजेने त्यांचा आत्मा इथे फिरतो म्हणे. म्हणून घर स्वस्तात मिळालं. मी म्हटलं, जो जिवंतपणी लढला नाही, तो मेल्यावर काय अंगावर येणार?

पण मी दिवसभर कारखान्यात आणि ही घरात एकटी. एका दुपारी तिला माडीवरून गाणं ऐकू आलं, शेजारच्या खोलीतून हसू आणि मागच्या खोलीतून घोरणं. तिने बॅग भरली, ती थेट तुमच्या घरी येऊन उघडली. जाताना म्हणाली, "एक तर हे घर, नाही तर मी." मी विचार करतोय हे पाहून तर आणखीच भडकली.

शेवटी घर विकायचं ठरवलं. सहज गल्लीत चौकशी केली. समोरचा शिंपी माझं माप घेता घेता कुजबुजला, "सेनापती हसतात हो, बायकी आवाजात. आणि घोरतात." शाळेच्या मुख्याध्यापिका बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "माझा असल्या थोतांडावर मुळीच विश्वास नाही. पण ते गातात. बेसूर. आणि घोरतात." कोपऱ्यावरचा बेकरीवाला (दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस, पण कापत होता) म्हणाला, "गातात, हसतात. विका, मालक, विकून मोकळे व्हा!"

दादा, मोटारीचं दुखणं मी जन्मभर कानाने ओळखत आलोय. जो आवाज यायला हवा आणि येत नाही, तिथेच बिघाड असतो. शिंप्याचे सेनापती गात नव्हते, बाईंचे हसत नव्हते आणि बेकरीवाल्याचे झोपत नव्हते.

दुसऱ्या दुपारी कारखान्याला दांडी मारून जिन्याखाली लपलो. मागच्या दाराची कडी नावालाच आहे. आधी बेकरीवाला आला, चपला हातात घेऊन. अंधारात उठून भट्टी पेटवणारा माणूस, घरात सगळे जागे असताना झोपणार कुठे? फरशीवर आडवा झाला, आणि हवा धरलेल्या पंपासारखा सुरू झाला. मग शिंपी माडीवर गेला. त्याने घरी सूर लावला की त्याची बायको खिडक्या लावते. शेवटी बाई आल्या, पदराखाली पुस्तक. मला वाटलं, काही गंभीर असेल. विनोदी निघालं! शाळेत ज्यांचे दात आजवर कोणी पाहिले नाहीत, त्या बाई पोट धरून हसत होत्या. आणि मजा म्हणजे, प्रत्येकाला उरलेले दोघे म्हणजे भूत वाटायचं. तरी थरथरत का होईना, येत होतेच. एवढी नड!

मी जोरात टाळी वाजवली. तिघेही जिन्यापाशी येऊन एकमेकांवर आदळले.

"तो तुम्ही होय!" बाई शिंप्यावर कडाडल्या. "तुमच्या भीतीने एकच पान कितीदा वाचलं मी!"

"आणि मी वरचा सा कधी लावलाच नाही, बाई. वाटायचं, सेनापती मलाच हसताहेत."

"जरा हळू बोला ना," बेकरीवाला डोळे चोळत म्हणाला.

मी त्यांना हाकललं नाही. म्हटलं, या, पण पुढच्या दाराने आणि घंटी वाजवून. आता घर भरल्यासारखं वाटतं. शिंप्याने पडदे शिवायला घेतलेत. घर मी विकत नाही. तेव्हा इथे भूत नाही, हे तुमच्या बहिणीला पटवून द्या. तुमचा शब्द ती मोडत नाही.

वहिनींच्या दाढेला आराम पडो.

तुमचाच,
दाजी

ता. क. तुम्हीही या. माडीवर एक खोली रिकामी आहे. वहिनींनी विचारलं कशाला, तर मोटार बघायला म्हणा.

आणखी एक ता. क. वरचं सगळं तिला वाचून दाखवू नका, ती म्हणेल, झाले सुरू. फक्त एवढंच सांगा. झाडाकडे खिडकी असलेली खोली मी तिच्यासाठी मोकळी केली आहे. माझं एकही अवजार तिथे नाही. कडी आतून बसवली आहे, आणि ती पक्की लागते. त्या तिघांना पाहिल्यापासून सारखं मनात येतं, की इतकी वर्षं ही कुठे जाऊन हसत असेल? मी दार वाजवीन. "या" म्हणाली नाही, तर परत फिरेन. (थोड्या वेळाने पुन्हा वाजवीन, पण हळूच.)