हलणारे बाद

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. मेंदूचे स्कॅन आपोआप साफ करणारा प्रोग्रॅम माझा, पण त्यातली एक अट सरांची: स्कॅन घेताना डोकं हललं की तो स्कॅन बाद. अभ्यास कशाचा, तर कंपवाताचा. म्हणजे ज्यांना आजार जास्त तेच बाहेर. हे कळत कसं नाही यांना? सांगितलं तर म्हणतात, "डेटा किती स्वच्छ झालाय बघ." स्वच्छ म्हणे.

आज त्या अटीनं आमचे आप्पाही बाद झाले. वडगावात जन्मभर हातमागावर बसलेला माणूस. घरी आलो तर दारातच विचारलं, "नीट आलं न्हवं रं माझं? डोकं लई दाबून धरलतं मी."

व्हय म्हणालो. उद्या ती अट काढून टाकतो. मग खुशाल मला बाद करू देत.