करार होईपर्यंत

३ मे, शुक्रवार. सकाळी ९.४०

पहाटे पाचला उठून लिहायचं ठरलं होतं. उद्यापासून पाच.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. परिस्थिती अशी: खोलीचा अकरा महिन्यांचा करार ३१ मेला संपतो. करारावर तीन नावं. पहिलं माझं, कारण त्या दिवशी पेन आधी माझ्या हातात आलं. दुसरं वैजनाथचं, तो लॅबमध्ये रक्त तपासतो. तिसरं गयासचं, तो गुलमंडीत कापडाच्या दुकानात आहे. मी सध्या प्लॅनिंगमध्ये आहे.

नवा करार झाला नाही तर मला सोयगावला परत जावं लागणार. थोरल्या भावानं, पुंजारामदादानं, फोनवर स्पष्ट सांगितलं, करार आहे तोवर राहा शहरात, करार संपला की गुमान गिरणीवर बस. पिठाची गिरणी. माझ्यासारख्या माणसानं दिवसभर भुवया पांढऱ्या करून लोकांचं दळण दळायचं!

अडचण एकच. गयास आणि वैजनाथचं एकमेकांशी पटत नाही. काल संध्याकाळी कूलरवरून लई आवाज वाढले. खाली मालकीणबाई राहतात, जाहेदाखाला. त्या आज सकाळी गुडघे धरत जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, बाबा, मेरेकू और कुछ नक्को, बस घर में करार होना.

बाईंना अक्कल आहे. तोंडी बोलण्यावर भागणार नाही, लेखी पाहिजे. दोघांत एक पक्का करार करून द्यायचा. घर शांत, खाला खुश, ३१ ला आमची सही, गिरणी टळली. माझं नावच कारभारी. आईबापानं काही विचार करूनच ठेवलं असणार.


४ मे, शनिवार

उठलो ८.५०. पंखा बंद पडला होता, त्यामुळं झोप अर्धवट. ते मोजायचं नाही.

आधी चौकशी. कूलर एक, माणसं तीन. कूलरचं तोंड माझ्या गादीकडं असतं, कारण वायर तेवढीच पोचते. वैजनाथ म्हणाला, वायर अडीच मीटर आहे, मी टेप लावून मोजलीय. गयास म्हणाला, मियां, शाम कू मैं बीच में रखतूं, सुबू तेरे पास मिलता. कूलर कू पावां हैं क्या?

मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी बरोबर ओळखलं. आग होती.


७ मे, मंगळवार

एकेकाला वेगळं घेऊन बोलायचं. याला समुपदेशन म्हणतात.

गयासला कोपऱ्यावर चहाला नेलं. म्हटलं, वैजनाथबद्दल मनात काय असंल ते मोकळं बोल. म्हणाला, वैजनाथ? हीरा है वो. म्हटलं, लाजू नको. म्हणाला, तेरे बारे में बोलूं क्या? म्हटलं, विषय बदलू नको. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून याला खरं बोलायची सवयच राहिली नाही.

वैजनाथ तर बोललाच नाही. कागद दिला. लॅबच्या रिपोर्टसारखा, रेघा मारलेला. 'भांडी न घासता ठेवणे. आढळले: आठवड्यात सहा वेळा. योग्य प्रमाण: शून्य.' 'ओला टॉवेल दुसऱ्याच्या गादीवर. आढळले: रोज. योग्य प्रमाण: शून्य.' 'दुसऱ्याचे दही खाणे. आढळले: चार वेळा.' अशा चौदा ओळी. वर नाव कुणाचंच नाही. नाव नाही म्हणजे रोख गयासवर, हे उघड आहे. कागद घडी करून माझ्याकडंच ठेवला. गयासला वाचून वाईट वाटलं असतं.

(दह्याबद्दल: डब्यावर नुसतं 'वै.' लिहिलेलं असतं. वै. म्हणजे काय, हे कुठंही स्पष्ट केलेलं नाही.)


१३ मे, सोमवार

आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. आज भरायची पाळी माझी. येणार होतं अकराला. साडेदहाला मी गुलमंडीत गेलो, कारण पाळ्यांचा तक्ता करायला कार्डशीट पाहिजे होती. पाच मिनिटांचं काम. तिथं ओळखीचा टेम्पोवाला अन्सार भेटला. टेम्पो घेऊन लासूर स्टेशनला निघाला होता. म्हणाला, कांद्याचा लिलाव बघायचा का? मॅनेजमेंट शिकायचं तर त्याच्यासारखी जागा नाही. गेलो.

लई शिकायला मिळालं. तिथं सगळे एकदम ओरडतात आणि तरी कुणी कुणाशी भांडत नाही. हे आपल्या खोलीत कसं आणता येईल, यावर परत येताना विचार केला. डोळा लागला.

सहाला घरी आलो. पाणी येऊन गेलेलं. ड्रम कोरडे. पुढचं पाणी २१ ला. वैजनाथ म्हणाला, कारभारी, एकच काम होतं रे. गयास दोन कॅन उचलून खालाकडं पाणी मागायला गेला.

माझं म्हणणं एवढंच की भिंतीवर तक्ता असता तर ही वेळ आली नसती. म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. कार्डशीट आणायची राहिली.


१४ मे, मंगळवार. दुपारी

ऊन त्रेचाळीस. कूलर कोरडा. माठात पाणी दिसलं, ते कूलरमध्ये ओतलं. ते प्यायचं होतं असं संध्याकाळी कळलं. सांगायला पाहिजे होतं.

दोघं आज गच्चीवर जाऊन बसले. मी गेलो की गप्प. परत आलो की कुजबुज. इतकं विकोपाला गेलंय की माझ्यासमोर भांडायचीसुद्धा लाज वाटायला लागली. करार लवकर हातात द्यायला पाहिजे.


१८ मे, शनिवार

मसुदा तयार. सत्तावीस कलमं. भाषा जुन्या भाडेकरारातून घेतली, त्यामुळं वजन आलंय. कलम तीन: 'सदरहू कूलर हा आळीपाळीने वाहील.' कलम अकरा: 'सदरहू दही हे ज्याचे असेल त्याचे समजावे, परंतु नाव पूर्ण लिहावे.' कलम एकोणीस: 'वाद उद्भवल्यास श्री. कारभारी यांचा निर्णय अंतिम राहील व त्यावर कोठेही दाद मागता येणार नाही.' भांड्यांवर एक कलम घालायचं होतं, पण नीट शब्द सुचले नाहीत.

वाचून माझं मलाच भारी वाटलं. बी.ए.चं दुसरं वर्ष पूर्ण केलं असतं तर वकील झालो असतो.


१९ मे, रविवार

खालाकडं गेलो. त्या खाटेवर लसूण सोलत बसल्या होत्या. उभं राहून खणखणीत आवाजात वाचायला लागलो. चार कलमं ऐकून म्हणाल्या, ये क्या लिख के लाया बाबा? म्हटलं, तुम्हीच म्हणाल्या ना खाला, घर में करार होना. हा घ्या करार.

मागं गयास कॅन भरत होता, तो हसत हसत खालीच बसला. म्हणाला, अरे मियां, हमारे में करार बोले तो सुकून! चैन! वो तुम लोगां कू चुप्प बैठो बोल रई थी. खाला म्हणाल्या, मैं दो घड़ी चैन मांगी, ये मेरेकू किताब सुना रा. आणि लसणाची पाकळी माझ्याकडं रोखून म्हणाल्या, और आवाज किसका आता, मेरेकू मालूम है.

कलम एकोणीसपर्यंत पोचूच दिलं नाही.

हा शब्दाचा घोळ आहे, याला मी जबाबदार नाही. मराठीत सांगितलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. आवाज गयासचा येतो असं त्यांना म्हणायचं असणार. तोंडावर कसं बोलणार, तो तिथंच होता.

संकल्प: उद्यापासून मौन.


२० मे, सोमवार

मौन पाळलं. ९ ते ९.२०.


२१ मे, मंगळवार

पाणी दोघांनी भरलं. रजा टाकून. माझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण पाण्याचं त्यांना टेन्शन जास्त येतं.

संध्याकाळी सातला मी मीटिंग बोलावली होती. विषय: मनं जुळवणे. येताना रस्त्यात जुन्या दरवाज्याच्या कमानीत कूलर भरलेला ट्रक अडकला होता. पन्नास माणसं, पन्नास सल्ले, मॅनेजमेंट शून्य. मला राहवलं नाही. पुढं होऊन आधी डावीकडं घ्यायला लावला, मग उजवीकडं. तेव्हा तो दोन्हीकडून अडकला. ड्रायव्हर म्हणाला, भाऊ, तुम्ही कोण? शेवटी एका म्हाताऱ्यानं चाकांतली हवा सोडा म्हणून सांगितलं आणि ट्रक निघाला. ती कल्पना माझ्याही मनात येतच होती.

पावणेनऊला पोचलो. मीटिंग होऊन गेली होती. काय ठरलं विचारलं तर वैजनाथ म्हणाला, उद्या निवांत सांगतो.


२२ मे, बुधवार

यश!

वैजनाथनं समोर बसवलं. म्हणाला, कारभारी, एक तारखेपासून खोली आम्ही दोघं चालवतो. खालाशी बोललोय. तू आता मोकळा. गयासनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, बुरा मत मान यार, तेरा तू देख ले.

मी थक्क झालो. हे दोघं! आणि 'आम्ही दोघं' असं बोलतात! तीन आठवड्यांपूर्वी कूलरवरून पेटलेली माणसं. वर मला पाणी, भांडी, झाडू, सगळ्यांतून मोकळं केलं. एवढी जाण मला अपेक्षित नव्हती. म्हटलं, बुरा कायकू मानूं? मला तर हेच पाहिजे होतं.

दोघांनी एकदम श्वास सोडला. वैजनाथनं स्वतःहून दह्याची वाटी पुढं केली. गयास म्हणाला, रोशन गेट के पास एक कॉट खाली है, पूछूं क्या तेरे वास्ते? म्हटलं, कॉट कशाला रे, मला गादीच बरी. किती काळजी.


२९ मे, बुधवार

पाणी आलं होतं म्हणे. मी मोकळा असल्यानं झोपलो होतो.


३० मे, गुरुवार

सही झाली. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडं. खाला रिक्षानं आल्या. वैजनाथनं सगळी कागदपत्रं स्वतः तयार केली. मी म्हटलं करू दे. काम वाटून देणं ही खरी लीडरशिप.

अन्सारला साक्षीदार म्हणून आणलं होतं. आणखी एक कुणीतरी यायचा होता, तो आला नाही. वैजनाथ घड्याळ बघायला लागला. मी म्हटलं, मी आहे ना! कुठं करायची सही? वैजनाथ म्हणाला, तू करतोस? चालंल तुला? पण आधी वाच. गयास म्हणाला, पढ ले मियां, पढ के कर. म्हटलं, दोस्तांवर विश्वास नाय का माझा? खालांनी विचारलं, इसकू बराबर समझाए ना? वैजनाथ म्हणाला, दोनदा.

टायपिंगवाल्यानं पेन्सिलीनं फुली केली होती तिथं ठोकली सही. अन्सारच्या खाली, पण त्याच्या दुप्पट मोठी. टायपिंगवाल्यानं गाव विचारलं, सांगितलं. मला घाई होती, अन्सारचा टेम्पो देवगिरीच्या पायथ्याला निघाला होता, तिथं क्रिकेटची फायनल होती.

टेम्पोतूनच दादाला फोन केला. म्हटलं, करार झाला, गिरणीचं दुसरं कुणीतरी बघ. दादा म्हणाला, खरं सांगतो व्हय? म्हटलं, बाँडवर सही आहे माझी. तेव्हा दादा म्हणाला, बरं झालं बाबा.


१ जून, शनिवार. दुपारी

सकाळी उठलो तर माझी गादी सोडून खोली झाडलेली. गयास जवळ येऊन बसला. म्हणाला, कॉट का पूछा मैं, वो भर गया. म्हटलं, कसली कॉट? त्यानं वैजनाथला हाक मारली. वैजनाथनं बाँडची झेरॉक्स आणून दिली.

आज वाचला.

लिहून देणार: जाहेदाबेगम. लिहून घेणार: एक वैजनाथ, दोन गयास. तिसऱ्यासाठी पान उलटलं. कूलर नाही, दही नाही. सगळी मिळून नऊ कलमं, भाषाही साधीच. शेवटच्या पानावर साक्षीदार. एक अन्सार. दोन कारभारी, राहणार सोयगाव. खाली माझी सही. पानावरची सगळ्यांत मोठी.

टायपिंगची चूक असेल असं मी आधी म्हटलं. मग गप्प बसलो. आवाज न करता.

खाली गेलो. खाला म्हणाल्या, बेटा, तेरे से मेरेकू कुछ शिकायत नई, पन दो लोगां बस हैं. खायला थांबतो का विचारलं. थांबलो.

वैजनाथला विचारलं, साक्षीदाराचं काम नेमकं काय असतं? म्हणाला, काही नाय, उद्या आमच्यात वाद झाला तर तुला बोलवावं लागंल. म्हणजे दार अगदीच बंद नाही. वाद झाला की मी. कायदाच आहे तसा. आणि हे दोघं, माझ्याशिवाय, एका कूलरवर, किती दिवस टिकतील?

दादाला कळवलं. म्हणाला, पावणेपाचची गाडी धर, सकाळी दळण लई आहे.

माझी पेटी उतरवायला दोघं आले. लोखंडी पेटी, जड. जिना अरुंद, मधल्या वळणावर कुठलंही सामान अडतं. तिथं सख्ख्या भावांचीसुद्धा जुंपेल. मी वर उभा राहून बघत होतो. गयास म्हणाला, थोड़ी तेरे तरफ ले. वैजनाथनं घेतली. पेटी वळली. भिंतीला घासलीसुद्धा नाही.