गच्चीवरच्या टाकीचं पाणी

२ एप्रिल, अकोला
नोकरी सुरू झाली! वरूडहून एसटीनं आले, बॅगेत आईनं दिलेली संत्री. दवाखाना खासगी, पण टापटीप. पहिल्या मजल्यावर डायलिसिसच्या सहा मशिनी, आणि टेक्निशियन मी एकटी. मूर्तिजापूरचे नत्थुजी आठवड्यातून तीनदा येतात. मी सुई टोचली तर म्हणाले, "पोरी, तुह्या हातानं तं समजलंच नाही!" दिवसभर हवेतच होते.

६ एप्रिल
नळाला आठवड्यानं पाणी येतं, मधल्या दिवसांत टँकर. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी फिल्टरमधून मशिनींना जातं. एका पेशंटला एका वेळी शंभर लिटरच्या वर लागतं. आज मशिनीवर असलेल्या पार्वताबाईंना अर्ध्या तासातच थंडी भरून आली. दोन ब्लँकेटं घातली तरी दात वाजत होते. इथल्या जुन्या आया बेबीताई म्हणाल्या, एसीनं होते तसं.

९ एप्रिल
आज तिघांना हुडहुडी. एसी बंद होता. फिल्टर उघडून आत बोट फिरवलं, बुळबुळीत लागलं. वर लिहिलेली बदलल्याची तारीख दिवाळीच्याही आधीची. मॅनेजर केदार सरांना लेखी दिलं. रागावले नाहीत. उद्याच बंदोबस्त करतो म्हणाले. बरं वाटायला हवं होतं.

११ एप्रिल, सकाळी ८
जिन्यातच वास आला. बेबीताई सांगत होत्या, रात्री टाकीत ब्लीचिंग पावडर ओतली, दोन बादल्या. फिल्टर जुनाच. क्लोरीन शोषणारा कोळसाही जुनाच. मी सरांना म्हटलं, आज मशिनी लावू नका, हे पाणी रक्तात उतरेल. ते म्हणाले, "पाण्यात जंतू आहेत, हे तूच लिहून दिलं ना?" पेशंट आधीच झोपवले होते. मी लावल्या. का लावल्या?

९.४०
पार्वताबाईंच्या नळीतलं रक्त — रंग बदलला. जांभळाच्या सरबतासारखं, आरपार दिसणारं. मग शेजारच्या खाटेवर. मग तिसऱ्या. "छाती दाबून राहिली वं," एवढंच बोलल्या. मी सगळ्या नळ्या चिमटे लावून बंद केल्या. सर ओरडले, रक्त परत दे अंगात. नाही दिलं. क्लोरीननं फुटलेलं ते रक्त —

११.१५
पार्वताबाई गेल्या. कागदावर हार्ट अटॅक. बाकी दोघं वर आयसीयूत. माझं रजिस्टर सरांनी नेलं. म्हणून इथं लिहून ठेवते. तक्रार मीच केली होती. मीच —

१.२०
दुपारच्या पाळीचे पेशंट बोलावलेत. पाणी तेच. नत्थुजी आले, पाय सुजून खांबासारखे, बोलताना धाप. मी म्हटलं, लावू नका, अमरावतीले जा. ते म्हणाले, "तिथं नंबर केव्हा लागन? तवरोक मी राहीन काय?"
कलेक्टर ऑफिसला फोन लावला, कोणी उचलत नाही.

१.४०
फिल्टरच्या खोलीत आहे. आतून कडी लावली. पाण्याचा कॉक बंद केला. मशिनी सुरूच होणार नाहीत आता. सर दार ठोकून राहिले.

१.५०
सर थांबले. आता नत्थुजी. दाराला लागून बसले असावेत, श्वास ऐकू येतो. "पोरी, पाणी सोड. मले मारतं काय?" मी आतून सांगते, बाबा, हे पाणी — ऐकत नाहीत. रडून राहिले. श्वास घरघर — बेबीताई ओरडल्या — ते खाली —
कॉकवर हात आहे. सोडलं तर — नाही सोडलं तर —
दाराबाहेरची घरघर थांबली. नत्थुजी? मी हाक मारतेय, नत्थुजी —